मत देण्यापूर्वी : सरकारने करावे तरी काय?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिल्लीत योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून मराठी माणूस जेथे जेथे गेला तेथे तेथे गणेशोत्सवाच्या जोडीला व्याख्यानमालाही घेऊन गेला. आपल्या मंडळाने सुवर्णमहोत्सवी वर्षात नाटक आणि संगीत यांच्याबरोबर ही व्याख्यानमाला योजली आणि तीत बोलण्याचा मान माझ्यासारख्या एका साध्या सभासदाला दिला, याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे.

विषय निवडणुकीशी निगडित असल्यामुळे आरंभीच एक खुलासा करणे प्राप्त आहे. मी केंद्र शासनाचा सेवक आहे. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांप्रमाणे मला मत देण्याचा अधिकार आहे. परंतु ते मी कोणाला दिले किंवा कोणाला देणार, याची सूचना करण्याची मुभा नाही. तेव्हा कोणत्याही पक्षाची स्तुती अथवा निंदा माझ्या तोंडून निघणार नाही. ज्यांची तशी अपेक्षा असेल त्यांनी चहापानापर्यंत धीर धरावा. ती उणीव भरून काढणारे वक्ते आपल्या मंडळात पुष्कळ आहेत.

मला जो प्रश्न मांडायचा आहे तो पक्षाच्या आधीचा आहे. घर बांधायला निघालेला मनुष्य खोल्या किती हव्यात हे आधी ठरवतो आणि मग गवंडी शोधतो. मतदानाच्या बाबतीत मात्र आपण गवंड्यांच्या गुणदोषांवर महिनाभर वाद घालतो आणि घराचा नकाशा कोणीच काढीत नाही. सरकारने कोणते काम करावे, कोणते करू नये, जे करावे ते कोणत्या सरकारने करावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हा तो नकाशा होय. तो मनात स्पष्ट नसताना दिलेले मत एक तर उपकाराची परतफेड ठरते किंवा रागाचा उद्रेक ठरतो.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. किंबहुना मराठी विचारविश्वात तो मतदानाचा हक्क मिळण्याच्या कितीतरी आधीपासून धगधगत आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले. सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हे दाखवून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी त्यांनी केली. रानडे यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजातील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात इंग्लंडमधील निर्हस्तक्षेपाचे अर्थशास्त्र हिंदुस्थानाला जसेच्या तसे लागू पडत नाही, असे प्रतिपादन केले आणि उद्योगांच्या वाढीसाठी सरकारी साहाय्याचा पुरस्कार केला. नामदार गोखले यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. राजर्षी शाहू छत्रपतींनी मात्र १९१७ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. सबंध देशात शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क होण्यास २००२ ची घटनादुरुस्ती आणि २००९ चा कायदा यावा लागला. म्हणजे फुल्यांच्या मागणीनंतर सव्वाशे वर्षे!

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही आपल्याकडे तितक्याच ताकदीने मांडला गेला आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी समाजाच्या रूढींत सरकारने हात घालू नये, असा पक्ष लोकमान्यांनी घेतला. आगरकरांनी कायद्याचे समर्थन केले. मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षे करण्यापुरता तो कायदा होता. आज त्या वादात आगरकरांचीच बाजू आपल्याला न्याय्य वाटते. तरीही सरकारचा हात घराच्या उंबरठ्याच्या आत किती यावा, हा लोकमान्यांनी उपस्थित केलेला प्रश्न सरकार स्वकीय झाल्याने संपलेला नाही. राज्यघटनेने मूलभूत हक्कांचा भाग लिहिला तो याच जाणिवेने. पुढे डॉ. आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, तीही घटनेतच लिहून, असा विचार मांडला. आणि १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी करणारे शरद जोशी, जे स्वतः भारतीय डाक सेवेतून बाहेर पडले होते, त्यांनी नेमके उलट सांगितले : शेतकऱ्याचे दारिद्र्य सरकारच्याच भावनियंत्रणातून आणि बंधनांतून येते, सरकारने आधी त्याच्या वाटेतून बाजूला व्हावे.

एवढी थोर माणसे एकाच प्रश्नाची अशी परस्परविरुद्ध उत्तरे देतात, याचा अर्थ काय घ्यावा? माझ्या अल्पमतीप्रमाणे याचा अर्थ असा की, ‘सरकार जास्त हवे की कमी’ हा प्रश्नच मोघम आहे. प्रत्येकासमोर वेगळे काम होते. शाळेबद्दल फुले बरोबर होते. बाजारभावाबद्दल जोशींच्या म्हणण्यातही पुष्कळ तथ्य आहे. कामागणिक उत्तर बदलते, आणि ते कामागणिकच शोधले पाहिजे.

आपल्या मंडळाच्या आयुष्याकडे पाहिले तरी हे ध्यानात येईल. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापले त्यांतील बहुतेक जण केंद्र सरकारच्या नोकरीत होते. पहाटे दिल्ली दूध योजनेच्या केंद्रासमोर रांग लावून ते सरकारी दूध घेत. न्याहारीला मॉडर्न ब्रेड असे, तो सरकारी कारखान्यात भाजलेला. हातावर एचएमटीचे घड्याळ असे, तेही सरकारी. टेलिफोन सरकारी खात्याचा, आणि तो मिळायला वर्षे लागत. स्कूटर खाजगी कारखान्याची असली तरी त्या कारखान्याने किती स्कूटर करायच्या हे परवान्याने ठरत असे, म्हणून तिच्यासाठीही नाव नोंदवून थांबावे लागे. आज मॉडर्न ब्रेडचा कारखाना सरकारकडे नाही, तो २००० साली विकला गेला. एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय २०१६ मध्ये बंद झाला. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेली एअर इंडिया २०२२ मध्ये टाटा समूहाकडे परत गेली. आणि टेलिफोनसाठी थांबणे म्हणजे काय, हे आपल्या नातवंडांना समजावून सांगावे लागते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की सरकारने हात काढून घेतला की सर्व सुरळीत होते. पण त्याच पन्नास वर्षांतला दुसरा हिशेबही मांडला पाहिजे. १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही. २०१४ च्या मार्चमध्ये आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. घरोघरी जाऊन, स्टेशनांवर, यात्रांत, वीटभट्ट्यांवर प्रत्येक मुलाच्या तोंडात दोन थेंब घालण्याचे काम कोणत्याही दुकानदाराने नफ्यासाठी केले नसते. श्रीमंताने आपल्या एकट्याच्या मुलासाठी रोगमुक्त देश विकत घेऊ म्हटले तर तो कोठेही विकत मिळत नाही.

या दोन हिशेबांतून मला तीन प्रकारची कामे दिसतात. पहिला प्रकार म्हणजे जे काम कोणालाही आपल्यापुरते विकत घेता येत नाही ते : संरक्षण, न्याय, पोलीस, साथीच्या रोगांचा बंदोबस्त, गटारे, नद्या, हवा. ही सरकारची हक्काची कामे. त्यांत कुचराई झाली तर बाकी कितीही देणग्या वाटल्या तरी त्या सरकारला नापासच करावे लागेल. दुसरा प्रकार म्हणजे जे विकत मिळते, पण ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्यालाही ते मिळालेच पाहिजे असे : शाळा, औषधोपचार, पोटापुरते धान्य. येथे सरकारने ते काम स्वतः करावे, दुसऱ्याकडून करवून घ्यावे, की गरजूच्या हाती पैसा द्यावा, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. जबाबदारी मात्र सरकारची, यावर नसावेत. तिसरा प्रकार म्हणजे जे इतर लोक उत्तम करू शकतात ते : पाव, घड्याळे, उपाहारगृहे. तेथे सरकारने फक्त वजन-माप खरे आहे ना आणि भेसळ नाही ना, एवढे पाहावे.

‘स्वतः करणे’ आणि ‘करवून घेणे’ यांतील फरक आपण दिल्लीकरांनी विजेच्या बाबतीत अनुभवला आहे. २००२ साली दिल्ली विद्युत मंडळ मोडून वितरणाचे काम तीन कंपन्यांकडे दिले गेले. त्या वेळी गळती आणि चोरी धरून निम्म्याच्या आसपास विजेचे पैसे वसूल होत नव्हते. पुढे हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आले. पण सरकार तेथून निघून गेले असे नाही. या कंपन्यांत एक्कावन्न टक्के भाग खाजगी आणि एकूणपन्नास टक्के भाग दिल्ली सरकारचा असा करार झाला, आणि विजेचा दर ठरवण्याचे काम नियामक आयोगाकडे राहिले. म्हणून ‘खाजगीकरण हवे की नको’ असे विचारण्यापेक्षा ‘लगाम कोणाच्या हाती राहणार’ असे उमेदवाराला विचारणे अधिक शहाणपणाचे.

आता दुसरा प्रश्न : कोणते सरकार? आपण ‘सरकार’ हा शब्द एकवचनी वापरतो, पण मतपत्रिका मात्र तीन असतात. घटनेच्या सातव्या परिशिष्टात कामांची वाटणी केंद्रसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशी केली आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिका यांनाही घटनेत स्थान दिले. त्यातून आपली दिल्ली म्हणजे या वाटणीतील सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण. १९५२ मध्ये येथे विधानसभा होती, १९५६ मध्ये ती गेली. १९६६ मध्ये महानगर परिषद आली, तिला सल्ला देण्यापलीकडे फारसा अधिकार नव्हता. १९९१ च्या एकोणसत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर १९९३ मध्ये पुन्हा विधानसभा निवडली गेली. परंतु पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे विषय केंद्राकडेच राहिले.

याचा व्यवहारातला अर्थ पाहा. आपल्या वसाहतीत कोणाचे मंगळसूत्र खेचले गेले तर त्याचा जाब विधानसभेच्या उमेदवाराला विचारून उपयोग नाही. दिल्ली पोलीस केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. गल्लीतला रस्ता महानगरपालिकेचा, साठ फूट वा त्याहून रुंद रस्ता सामान्यतः दिल्ली सरकारच्या बांधकाम खात्याचा, आणि राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. मूल पाचवीपर्यंत महानगरपालिकेच्या शाळेत शिकते आणि सहावीत दिल्ली सरकारच्या शाळेत जाते. पहिलीत अक्षर न कळलेल्या मुलाचा दोष मग सहावीच्या शिक्षकाच्या माथी येतो. रुग्णालयांचेही तेच. सफदरजंग केंद्राचे, लोकनायक दिल्ली सरकारचे आणि हिंदुराव महानगरपालिकेचे. मेट्रोत केंद्र आणि दिल्ली सरकार यांची निम्मी-निम्मी भागीदारी आहे. आणि नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या हद्दीतील सरकारी वसाहतींत आपल्यापैकी कित्येकांची उमेदीची वर्षे गेली. त्या हद्दीत नगरसेवक निवडण्याची पद्धतच नाही.

ही वाटणी ठाऊक नसली की मतदार एकाच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला करतो. १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत कांद्याचा भाव हा फार मोठा विषय झाला होता. कांदा महागला की गृहिणीचे डोळे चिरण्याआधीच पाणावतात, हे खरे. पण कांदा दिल्लीत पिकत नाही, आणि परदेशव्यापार हा केंद्रसूचीतील विषय आहे. निर्यात खुली ठेवावी की बंद करावी हे कोणतीही विधानसभा ठरवू शकत नाही. शिवाय या कांद्याला दुसरी बाजू आहे, आणि ती आपण मराठी माणसांनी तरी विसरू नये. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद झाली व मे २०२४ मध्ये ती उठली. त्या काळात दिल्लीच्या मंडईतल्या ग्राहकाला दिलासा मिळावा हा हेतू. पण त्याची किंमत लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला शेतकरी मोजत होता. आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंद नाशिक-नगर भागात शेती करतात. एकाच कुटुंबातील दोन भाऊ, एक येथे ग्राहक आणि एक तेथे उत्पादक, सरकारकडे नेमक्या उलट मागण्या करतात. तेव्हा सरकारने भाव पाडला म्हणून आनंदाने मत देताना, तो कोणाच्या ताटातून काढून आपल्या ताटात वाढला, एवढे तरी मनाशी विचारावे.

येथूनच तिसरा प्रश्न निघतो : खर्च कोणाचा? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हे आपण घरात बोलतो आणि जाहीरनामा वाचताना विसरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली एका निर्णयात जाहीरनाम्यातील आश्वासने हा भ्रष्ट आचार ठरत नाही असे सांगितले, पण निवडणूक आयोगाने या विषयावर मार्गदर्शक सूत्रे तयार करावीत असा निर्देशही दिला. त्याप्रमाणे आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांविषयी एक भाग घातला गेला. आश्वासनामागचे कारण आणि त्यासाठी पैसा कोणत्या मार्गाने उभा राहणार हे ढोबळपणे सांगावे, अशी अपेक्षा त्यात आहे. आपल्यापैकी किती जणांनी एखाद्या जाहीरनाम्यात ती वाक्ये शोधली आहेत? मतदाराने शोधली नाहीत तर पक्षांनी ती तळमळीने लिहावीत अशी अपेक्षा कशी धरावी?

खर्चाचा प्रश्न प्रामाणिकपणे सोडवल्याचे एक उदाहरण महाराष्ट्रानेच देशाला दिले आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लाखो हातांनी जी हमी मागितली, तिच्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे हे तिचे जनक. १९७७ मध्ये कायदा झाला व १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो अमलात आला. या योजनेची अंगमेहनतीची बाजू सर्वांना ठाऊक आहे. पैशाची बाजू थोड्यांना ठाऊक असते. १९७५ मध्ये महाराष्ट्रात व्यवसाय कर बसवला गेला तो या योजनेसाठी. मुंबई-पुण्यातील पगारदाराच्या वेतनातून दरमहा थोडी रक्कम कापली जाऊ लागली आणि बीड-उस्मानाबादच्या मजुराला काम मागण्याचा हक्क मिळाला. महाराष्ट्रातील आपल्या नातेवाइकांच्या पगारपत्रकात तो कर अजून दिसतो. ‘काम देऊ’ म्हणणाऱ्यांनी ‘पैसे येथून आणू’ हेही त्याच वेळी सांगितले, म्हणून ती योजना टिकली. २००५ मध्ये संसदेने सबंध ग्रामीण भारतासाठी कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता. फुकट आणि हक्क यांतील अंतर मी तरी याच कसोटीने ओळखतो : देणाऱ्याने खर्चाचा धनी सांगितला आहे की लपवला आहे?

याच संदर्भात आपल्यासारख्या नोकरदारांचा एक आवडता समज तपासून पाहिला पाहिजे. आम्ही कर भरतो आणि इतर लोक खातात, असे आपण सहज बोलून जातो. आयकर भरणारे देशात थोडे आहेत हे खरे; पण कर भरणारे सर्व आहेत. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाई साबणाची वडी घेतात तेव्हा वस्तू व सेवा कर भरतात आणि पावती मागत नाहीत एवढेच. सरकारी तिजोरीवर त्यांचा हक्क आपल्याइतकाच आहे.

आता मी ज्या मुद्द्यासाठी आज उभा आहे त्याकडे येतो. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या मंडळाची भरभराट झाली. पहिल्या पिढीची मुले सरकारी शाळांत, केंद्रीय विद्यालयांत किंवा पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकली. आज आपली नातवंडे खाजगी शाळांत आहेत. नळाचे पाणी भरवशाचे नाही, म्हणून आपण शुद्धीकरणाचे यंत्र बसवले. वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर घेतला. पोलीस गस्त घालीत नाहीत, म्हणून वर्गणी काढून दारावर पहारेकरी ठेवला. सरकारी रुग्णालयात गर्दी, म्हणून विमा उतरवून खाजगी रुग्णालय गाठले. यांपैकी कोणतीही गोष्ट अयोग्य नाही. कष्टाच्या पैशाने कुटुंबाची सोय कोणीही करील. परंतु याचा एक परिणाम आपल्या नकळत झाला. ज्या ज्या गोष्टी आपण सरकारकडून घेणे सोडले, त्यांच्याबद्दल विचारणेही आपण सोडले. पालिकेच्या शाळेत कारकुनाचे, अधिकाऱ्याचे, डॉक्टरचे मूल होते तोवर मुख्याध्यापकांच्या दारात जाब विचारणारा पालक होता, अर्ज लिहिणारा हात होता. ती मुले गेली आणि त्यांच्याबरोबर तो अर्जही गेला. राहिलेल्या मुलांचे आईबाप रोजंदारी बुडवून जाब विचारायला जाऊ शकत नाहीत.

मग निवडणूक येते आणि आपण म्हणतो, सरकार काहीही करीत नाही, आपले काही अडत नाही. म्हणून मतदानाच्या सुट्टीला जोडून आपण मसुरीला जातो. २०२२ च्या दिल्ली महानगरपालिकेच्या निवडणुकीत साधारण निम्म्याच मतदारांनी मत दिले. जे सरकार आपल्या दारातला कचरा उचलते, आपल्या गल्लीतल्या डासांशी लढते आणि आपल्या नातवाचा जन्म नोंदवते, त्याच सरकारकडे आपण सर्वांत जास्त पाठ फिरवतो.

पण आपले काही अडत नाही हे खरे आहे काय? दर नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या आकाशावर जो धूसर पडदा पसरतो, त्यातून कोणाची सुटका होते? पाणी बाटलीत भरून घेता येते, शिक्षण फी भरून घेता येते. खोलीतली हवा गाळणारे यंत्रही बाजारात मिळते. ते आपण घेतलेही असेल. परंतु ते यंत्र पाठीला बांधून नातू शाळेत जाऊ शकत नाही, आणि आजोबांना सकाळच्या फेरीला जाता येत नाही. हवा हे पहिल्या प्रकारचे काम आहे. ते सरकारने केले तरच होते. या शहरातील बसगाड्या डिझेल सोडून नैसर्गिक वायूवर चालू लागल्या, तो बदल २००२ च्या अखेरीस पुरा झाला. पण तो झाला सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशामुळे. न्यायालयाचे आभार मानावेत तेवढे थोडेच. तरीही जे काम मतदारांनी मागायला हवे होते ते न्यायाधीशांना मागावे लागले, हे मतदार म्हणून आपल्याला भूषणावह नाही. २०२१ मध्ये संसदेने दिल्ली आणि लगतच्या प्रदेशांसाठी वायुगुणवत्ता व्यवस्थापन आयोगाचा कायदा केला. कायदा आहे, आयोग आहे, दोन-तीन सरकारे आहेत. प्रश्न एवढाच उरतो की, उमेदवार दारात आल्यावर आपण त्याला हवेबद्दल विचारतो की जातीबद्दल?

म्हणून माझे प्रतिपादन असे आहे. मत देताना सरकारच्या कामाचे माप आपल्या घरच्या गरजेवरून काढू नये. मला सरकारी शाळेची गरज नाही, म्हणून ती चांगली चालवणाऱ्याला माझ्या मतात किंमत नाही, हा हिशेब चुकीचा आहे. जे काम सरकारवाचून कोणीच करू शकत नाही, आणि जे काम सरकारने न केल्यास दुर्बळ माणूस उघडा पडतो, त्या दोन कामांना आधी गुण द्यावेत. सरकारने जे करण्याचे कारण नाही ते तो उमेदवार देऊ करीत असेल, तर ते कितीही गोड असले तरी त्याचे गुण कापावेत. आणि सरकारने आपल्या विचारांत, खाण्यापिण्यात, उपासनेत नको तेवढी लुडबुड करण्याचे ठरवले असेल, तर तेही तोलून पाहावे. कारण सरकारने काय करू नये हे ठरवणे हाही मताचाच भाग आहे.

काही जण म्हणतील, एवढा विचार करून दिलेले एक मत लाखो मतांच्या ढिगात कोठे दिसणार? हा आक्षेप पोकळ नाही. दिल्लीत लोकसभेच्या अवघ्या सात जागा आहेत आणि प्रत्येकीत लाखो मतदार. परंतु उमेदवार मते मोजण्याच्या आधी प्रश्न मोजतात. ज्या वसाहतीत गटाराबद्दल विचारले जाते तेथे ते गटाराची तयारी करून येतात. ज्या वसाहतीत काहीच विचारले जात नाही तेथे ते हात जोडून, हार घालून घेऊन पुढे जातात. मंडळासारख्या संस्थेने प्रत्येक निवडणुकीपूर्वी, कोणत्याही पक्षाची बाजू न घेता, त्या त्या सरकारच्या अधिकारांतील कामांची एक यादी सभासदांना पाठवली, तर ती सुवर्णमहोत्सवाची चांगली आठवण ठरेल. मी सेवेत असल्याने उमेदवारांना बोलावण्याच्या सभेत मला भाग घेता येणार नाही. यादी मात्र घटनेच्या परिशिष्टांतून कोणालाही उतरवून घेता येईल.

शेवटी एका गोष्टीचे स्मरण देतो. घटनेच्या चौथ्या भागात राज्याने काय करावे याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत, आणि सदतिसाव्या अनुच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की ती न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत. मग त्यांचा उपयोग काय, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटनासमितीपुढे मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी त्याला उत्तर दिले. त्याचा आशय असा की, सत्तेवर येणाऱ्याला या तत्त्वांच्या भंगाबद्दल न्यायालयात उत्तर द्यावे लागणार नाही कदाचित, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे ते निश्चितच द्यावे लागेल. म्हणजे घटनेच्या एका संपूर्ण भागाची अंमलबजावणी बाबासाहेबांनी कोणत्याही न्यायाधीशाकडे न सोपवता तुमच्या-माझ्याकडे सोपवली आहे. ती आपण करतो किंवा करीत नाही, तेवढ्यावर त्या भागाचे बळ अवलंबून आहे.